मनोहररावांची चतुर्थी

आमच्या घरात पंचांग आलं ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. माझे यजमान गोपाळराव यांनी ते नागपुरात बर्डीच्या बाजारातून आणलं. दुकानदाराने पिशवी देऊ केली होती, पण पिशवीतून आरपार दिसतं म्हणून यांनी ती घेतली नाही. लिफ्टमध्ये शेजारच्या सुभद्राबाई भेटल्या. "काय आणलं भाऊ?" त्यांनी विचारलं. "वायर," गोपाळराव म्हणाले. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने वायर आणली तर कोणी पुढे विचारत नाही.

लपवायला कारण होतं. गोपाळरावांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव, पोथ्या आणि एक पंचांग असं सगळं नागनदीत सोडलं. तेव्हापासून या घराण्यात वार आणि तारीख एवढंच चालतं. आमचं स्वतःचं लग्न हॉल रिकामा होता त्या दिवशी झालं. ते टिकलं यात माझ्या सहनशीलतेचा हात आहे, ग्रहांचा नाही.

पंचांग आणायची पाळी आली ती मनोहररावांमुळे.

आमचा मुलगा प्रशिक हिंगण्याला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. वेदिका त्याच कारखान्यात हिशोब पाहते. कंपनीच्या बसमध्ये दोघांची ओळख झाली आणि पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. वेदिका कळमेश्वरची. तिचे वडील मनोहरराव संत्र्याचे बागायतदार. तिने पहिल्याच भेटीत मला स्वच्छ सांगितलं, "आई, मी पळून येणार नाही अन् कोर्टातबी जाणार नाही. बाबा स्वतःच्या तोंडानं हो म्हणतीन, तेव्हाच येईन." मला ती तिथेच आवडली. अशी मुलगी आपल्या घरात हवी, असं वाटलं. ती अट आपल्यालाच केवढ्याला पडणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

मनोहरराव आमच्याकडे पहिल्यांदा आले ते थंडीच्या दिवसांत, एकटेच. आम्ही दोघं सकाळी विहारातून आलो होतो आणि पांढरे कपडे अजून अंगावरच होते. मी खीर केली होती, भरली वांगी केली होती, पुऱ्या तळल्या होत्या. माणूस बोलायला फार गोड. सोफ्यावर बसल्याबसल्या म्हणाले, "पाहा भाऊ, आपल्याले जातपात बिलकुल मंजूर नाही. रक्त सगळ्यायचं लालच राह्यते."

हे वाक्य आम्ही आयुष्यात पुष्कळदा ऐकलं आहे. म्हणणाऱ्याला आपण काहीतरी मोठं देऊन टाकल्यासारखं वाटतं, म्हणून आपणही घेतल्यासारखं करायचं असतं. पण गोपाळरावांचे डोळे खरोखरच भरून आले. मुलाच्या लग्नापायी माणूस हळवा होतो.

मी ताट आणलं. मनोहररावांनी दोन्ही हात जोडले.

"वहिनी, माफ करजा. आज माही चतुर्थी हाय."

"मग थोडी खीर तरी घ्या," मी म्हटलं.

"काहीच नाही चालत."

"पाणी?"

"पाणीबी नाही. कडक राह्यते माही."

मी ताट परत नेलं. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा आदर वाटला. सोयरिकीच्या घरी, समोर भरली वांगी असताना उपास मोडत नाही, म्हणजे माणूस तत्त्वाचा आहे, असं मी मनात म्हटलं.

निघताना ते दारात थांबले. "बाकी आपलं काही मागणं नाही. मानपान नाही, काही नाही. फक्त मुहूर्त चांगला पाह्यजे. घरी म्हातारी आई हाय, तिचं मन राह्यलं पाह्यजे."

"तुम्ही सांगान तो दिवस," गोपाळराव म्हणाले. घराची किल्ली काढून द्यावी तशी त्यांनी पोराच्या लग्नाची तारीख त्या माणसाच्या हातात दिली.

मग फोन सुरू झाले. आधी शुक्राचा अस्त होता. शुक्र उगवला तर होळी आडवी आली. होळी झाली तर कळमेश्वरच्या गुरुजींना प्रशिकच्या पत्रिकेशिवाय पुढचं काही दिसेना. मग वेदिकेचं चंद्रबळ कमी पडलं. उन्हाळ्यात अधिक महिना निघाला. त्याच्यामागे गुरूचा अस्त उभा होता, आणि गुरूच्या मागे चातुर्मास. प्रत्येक फोनच्या शेवटी मनोहरराव म्हणायचे, "माह्यं तर मन लागून राह्यलं हो भाऊ. पण ग्रहायपुढे आपण कोण?"

प्रशिकने कंपनीची बस सोडली आणि मोटरसायकलने जायला लागला. वेदिकेच्या शेजारी बसलं की दुसरा विषयच निघत नाही, म्हणाला. घरी मोबाइल उलटा ठेवून जेवायचा आणि अर्ध्या पोळीवर उठायचा. "जेव ना गा नीट," गोपाळराव म्हणायचे. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. पोरगा निमूटपणे ताट उचलून न्यायचा.

एक दिवस गोपाळराव म्हणाले, "हे अस्त-गिस्त म्हणजे मतलब काय आहे, ते आपणच पाहू." आणि ती वायर घरात आली.

गोपाळरावांची निम्मी नोकरी भारनियमनाची वेळापत्रकं बनवण्यात गेली. कोणत्या भागाची लाईट केव्हा जाणार, परीक्षेत कोणाला सूट, सणाला काय करायचं, हे ते ठरवायचे आणि त्यासाठी अख्ख्या शहराच्या शिव्या खायचे. त्यांनी चष्मा लावला, पंचांग उघडलं, दोन-चार पानं उलटली आणि मला हाक मारली.

"प्रेमिला, हे तर लोडशेडिंग आहे वं."

"काय?"

"हा राहुकाळ पाह्य. रोज दीड तास जाते. सोमवारी सकाळी, मंगळवारी दुपारी. आपल्या फीडरची पाळीबी अशीच फिरे. गुरूचा अस्त म्हणजे मोठा ब्रेकडाऊन. अन् चातुर्मास म्हणजे मेंटेनन्स."

पत्रिकेचं काम मात्र अडलं. प्रशिकची जन्मवेळ आम्ही कधी टिपूनच ठेवली नव्हती. पण तो झाला तेव्हा दवाखान्यातली लाईट गेलेली होती, आणि ती गोपाळरावांनीच घालवली होती. मी मेणबत्तीच्या उजेडात बाळंत झाले. हे मी त्यांना त्या दिवसापासून ऐकवत आले आहे. आता त्याचा उपयोग झाला. त्या भागाची पाळी त्यांना अजून पाठ होती. प्रशिकला जन्मवेळ मिळाली, वेळेला पत्रिका मिळाली, आणि पत्रिकेत काहीही वाईट नव्हतं.

महिन्याभरात गोपाळराव इतके तयार झाले की मनोहररावांचा फोन आला की हेच त्यांना तिथी सांगायचे. मनोहरराव म्हणायचे, गुरुजींना विचारून सांगतो. सुभद्राबाईंनी एकदा टेबलावर ती वायर पाहिली. त्यांच्या मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये दूध केव्हा उतू घालवायचं, हे विचारायला त्या संध्याकाळी आल्या. गोपाळरावांनी सांगितलं. दूध व्यवस्थित उतू गेलं, आणि मग सगळ्या बिल्डिंगला कळलं.

विहारातही कळलं. वंदना झाल्यावर समितीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गोपाळराव, घरात पंचांग ठेवलं म्हणते तुम्ही?"

"ठेवलं."

"काहून?"

"पोराचं लग्न अडकून राहिलं."

"तुमच्या वडिलांनी हेच नदीत सोडलं होतं न जी?"

गोपाळरावांनी चपला घातल्या. परत येताना मी स्कूटरवर मागे बसले होते आणि मला त्यांची मान दिसत होती. ती इतकी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. मला मनोहररावांचा भयंकर राग आला. गोपाळरावांचाही आला, पण तो माझा रोजचाच आहे.

त्याच आठवड्यात त्यांना दसरा सापडला.

"साडेतीन मुहूर्त राहते," ते मला म्हणाले. "त्या दिवशी काहीच पाहावं लागत नाही. ना गुरू, ना शुक्र, ना चातुर्मास. पाडवा गेला, अक्षय तृतीया गेली. पण दसरा आहे. दिवसभर लाईन चालू."

दसरा म्हणजे आमचा दीक्षेचा दिवस. त्या दिवशी कुठकुठून लोक दीक्षाभूमीवर येतात, आणि आमच्या घरात गडचिरोली-चंद्रपूरचे पाहुणे स्वयंपाकघरापर्यंत गाद्या टाकून झोपलेले असतात. लग्नाला त्यांना वेगळं बोलवायचीसुद्धा गरज नव्हती. ज्या दिवसापायी वडिलांनी पंचांग सोडलं, तोच दिवस पंचांगात अख्खा मोकळा निघाला होता. गोपाळरावांनी त्या पानाचा कोपरा दुमडला. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मनोहरराव, दसरा पक्का करू. गुरुजीयले विचारायचीबी जरूर नाही."

पलीकडून दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

"दसरा चांगलाच हाय भाऊ," मनोहरराव म्हणाले. "पण त्या दिवशी नागपुरात गर्दी किती राह्यते. गाडी लावाले जागा नाही भेटत."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ग्रह संपले. आता पार्किंग आलं."

गोपाळरावांनी चष्मा काढून पुसला. वेळापत्रकात चूक सापडली की ते असेच करायचे.

"प्रेमिला, ते पहिल्यांदा आले, त्या दिवशी आपण पांढरे कपडे काहून घातले होते?"

"काहून म्हणजे? पौर्णिमा होती. विहारात नव्हतो का गेलो?"

"पौर्णिमा. म्हणजे पंधरावा दिवस," गोपाळराव म्हणाले. "अन् चतुर्थी?"

मी मराठीची शिक्षिका. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी अशा विभक्ती शिकवता शिकवता माझी नोकरी संपली. चतुर्थी म्हणजे चौथी, हे मी फळ्यावर हजारदा लिहिलं असेल. पण उपासाची चतुर्थी ही मला त्यांच्या देवाची, त्यांच्या घरातली काहीतरी गोष्ट वाटायची. तीही मोजायची असते, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या डोक्यात येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच इतक्या सहज बोलून गेले.

पाणीबी नाही, असं ते म्हणाले होते. ते आठवलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासली.

"पोराले नको सांगू," गोपाळराव दारात येऊन म्हणाले. "तो वेदिकेले सांगीन. तिच्या बापाची इज्जत तिच्या नजरेतून जाईन."

"मग करायचं काय?"

"जाऊन येऊ कळमेश्वरले."

दिवस त्यांनीच ठरवला, वटपौर्णिमेचा. वेदिका कामावर गेलेली असेल अशी वेळ पाहिली. आम्ही पोचलो तेव्हा मनोहरराव घरापुढच्या छपरीत खुर्चीवर बसले होते आणि वेदिकेच्या आई कामिनीवहिनी नुकत्याच वडाची पूजा करून आल्या होत्या. नवी साडी, हातात ताम्हण, बोटांना हळद. आम्हाला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. ती बाई मनाची स्वच्छ आहे, हे मी पहिल्या मिनिटाला ओळखलं. "बसा बसा, आता जेवूनच जाजा," म्हणत त्यांनी स्वतःचा उपास असताना आमच्यासाठी पाट मांडले. पुरणाची पोळी होती, आमरस होता.

गोपाळरावांनी दोन्ही हात जोडले.

"वहिनी, माफ करजा. आज आमची चतुर्थी आहे."

हे बोलणार आहेत, याची मला कल्पना नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. लाईट केव्हा येईल असं लोक विचारायचे, तेव्हा असायचा तसाच त्यांचा चेहरा होता.

कामिनीवहिनी खळखळून हसल्या. "चतुर्थी? भाऊ, आज तर पुनव हाय! मी आत्ता वडाले सूत गुंडाळून आली. पुनवेले कुठची आली चतुर्थी?"

"नाही राहत का?" गोपाळराव म्हणाले. "आमच्यात कोणी पाहत नव्हतं, म्हणून मालूम नाही. पण मनोहरराव आमच्याकडे आले, तो दिवसबी पुनवेचाच होता. अन् त्यायची चतुर्थी होती. पाणीबी नाही घेतलं त्यायनं. मले वाटलं, दोन्ही संगच येत असन."

मनोहररावांनी पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

"यायची चतुर्थी?" कामिनीवहिनी अजून हसतच होत्या. "चतुर्थी तर मी धरतो. हे फक्त एकादशी धरते. एकादशी मातर जिंदगीत मोडली नाही, तापातबी नाही. चतुर्थी काहून धरतीन? अन् त्या दिवशी तर घरी आल्याबरोबर भाकर मागतली होती. म्हणे, सकाळपासून पोटात काही..."

त्या थांबल्या. हातातलं ताम्हण त्यांनी खाली ठेवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं होतं की हे पाहून मला समाधान होईल. तसं काही झालं नाही.

गोपाळराव उठले. "मनोहरराव, गुरुजीयले आता त्रास नका देऊ. नाही म्हणायचं असन तर नाही म्हणा. पोराले मी समजावतो. नाही म्हणाले मुहूर्त नाही लागत."

आम्ही न जेवताच निघालो. नागपूरचा काटोल नाका येईपर्यंत मी स्कूटरवर मागे बसून रडत होते. आपणच आपल्या पोराचं लग्न मोडून आलो, असं वाटत होतं. गोपाळराव एकदाच बोलले. म्हणाले, "पाण्याचं नसतं म्हटलं त्यानं, तर मी काही बोललो नसतो."

त्यानंतर कळमेश्वरचा फोन बंद झाला. प्रशिकने विचारलं, मी म्हटलं, पाहू. पंचांग कपाटात गेलं. सुभद्राबाई मुलीच्या डोहाळजेवणाचा दिवस विचारायला आल्या, तर गोपाळरावांनी त्यांना देवळात पाठवलं.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात मनोहरराव होते, एकटेच. दाढी वाढलेली, हातात काही नाही. ते सोफ्यावर बसले नाहीत. सरळ जेवणाच्या टेबलाशी गेले आणि खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, जेवाले काय हाय?"

आमची जेवणं झाली होती. "सकाळचा भात अन् वरण आहे," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "आज चतुर्थी नाही न?"

"नाही," ते म्हणाले. "एकादशी हाय."

माझा हात कुकरच्या झाकणावर तसाच राहिला. परत तेच, असं मला वाटलं.

"वाढा," मनोहरराव म्हणाले.

गोपाळराव आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, पानं उलटल्याचा आवाज आला. ते बाहेर आले आणि त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. खरंच एकादशी होती.

मी पाणी ठेवलं. मनोहररावांनी अख्खा ग्लास एका दमात रिकामा केला. मी भात वाढला, वरण वाढलं. पहिला घास त्यांनी हातात धरून ठेवला. जन्मभर एकादशीला त्यांनी भाताकडे पाहिलंही नव्हतं. मग त्यांनी तो तोंडात घातला. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे होतो आणि कोणालाच बसायचं सुचलं नाही.

"कामिनी बोलत नाही माह्यासंग," ते खाली पाहतच म्हणाले. "पण तिनं नाही पाठवलं. मी आपल्या मनानं आलो. वेदिकेले अजून मालूम नाही. ते मीच सांगीन."

"नका सांगू," गोपाळराव म्हणाले.

"नाही. सांगीन." दोन घास झाले. "अन् दसऱ्याले मी गाडी आणतच नाही भाऊ. आम्ही सगळे बसनंच येतो."

"लवकर निघा मग," गोपाळराव म्हणाले. "बस दूर थांबवते त्या दिवशी. पायी यावं लागते."

"येऊ पायी."

माझा राग गेला नव्हता. खरं सांगते, तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण ताटातला भात संपला होता, आणि ते मान वर न करता रिकाम्या ताटात बोट फिरवत बसले होते.

"अजून वाढू का भाऊ?" मी विचारलं.

"वाढा," ते म्हणाले.